हाल्डेनचा उंदीर आणि आपला गॅस गिझर

जानेवारीतली सकाळ होती. धुळ्याकडचा पारा सात-आठ अंशांवर उतरला होता आणि आमच्या अपघात विभागाच्या पायऱ्यांवर लोक शाली-मफलर गुंडाळून बसले होते. साडेआठच्या सुमारास रिक्षातून सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी आणली. आंघोळीला गेली ती पाऊण तास बाहेर आली नाही, हाक मारली तर ओ नाही, शेवटी भावाने दार तोडले तर ती फरशीवर पडलेली. घरच्यांना वाटले फिट आली. शेजारच्या आजीबाईंनी तर बाहेरची बाधा ठरवून टाकली होती. सिस्टरने बोटाला ऑक्सिमीटर लावला, तर आकडा ९९. चेहऱ्यावर गुलाबी तजेला. तो आकडा पाहून मुलीच्या वडिलांनी हात जोडले आणि सगळे ठीक आहे ना, म्हणून विचारले.

सगळे ठीक नव्हते. ऑक्सिमीटर खोटे सांगत होता आणि तो तजेलाही खोटा होता. मी वडिलांना एकच विचारले, गिझर गॅसचा आहे का आणि तो बाथरूमच्या आतच आहे का. दोन्हीची उत्तरे हो आली. तिला घट्ट बसणारा मास्क लावून पूर्ण ऑक्सिजन सुरू केला. दुपारी तिने डोळे उघडले आणि डोके फार दुखते म्हणून सांगितले. ती वाचली. त्याच हिवाळ्यात अशीच आणलेली एक व्यक्ती वाचली नाही.

ऑक्सिमीटरच्या आकड्यावर विश्वास न ठेवता आधी गिझरबद्दल विचारायचे, हे आम्हा डॉक्टरांना कोणी शिकवले? वॉर्डात ज्येष्ठांनी शिकवले, पण त्या धड्याचा मूळ मास्तर सव्वाशे वर्षांपूर्वीचा एक स्कॉटिश डॉक्टर आहे. शहाणपण येण्यासाठी त्याने हा विषारी वायू स्वतःच्या छातीत भरून घेतला. त्याचे नाव जॉन स्कॉट हाल्डेन.

हाल्डेनचा जन्म मे १८६० मध्ये एडिंबरोमध्ये झाला. घराणे खानदानी आणि बुद्धिमान. भाऊ रिचर्ड पुढे ब्रिटनचा युद्धमंत्री आणि मग लॉर्ड चॅन्सेलर झाला, बहीण एलिझाबेथ लेखिका, मामा बर्डन-सँडरसन ऑक्सफर्डला शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक. अशा घरातला मुलगा एडिंबरोतून वैद्यकाची पदवी घेऊन १८८४ मध्ये बाहेर पडला, तेव्हा त्याने चांगली प्रॅक्टिस थाटावी अशी अपेक्षा असणारच. पण त्याचे मन रमले हवेत. हवा म्हणजे आपण ओढतो आणि सोडतो ती हवा. ती कुठे खराब होते, कशाने होते, आणि खराब हवेत माणसाचे नेमके काय बिघडते, हा प्रश्न त्याने धरला आणि पन्नास वर्षे सोडला नाही.

सुरुवात डंडीत झाली. डंडी हे तागाच्या गिरण्यांचे गाव, आपल्या धुळे-अमळनेर-चाळीसगावच्या गिरणगावांचे थोरले भावंड म्हणा. तिथे एकेका खोलीत सहा-सहा, आठ-आठ माणसे झोपत. रसायनशास्त्रज्ञ कार्नेली यांच्याबरोबर हाल्डेन मध्यरात्रीनंतर या खोल्यांची दारे ठोठवत फिरला. झोपलेल्या कुटुंबाच्या उशाशी उभे राहून बाटलीत हवा भरायची, बाटली बंद करायची आणि पुढच्या दारी जायचे. दिवसा दार-खिडक्या उघड्या असताना घेतलेला नमुना काय कामाचा? सगळी दडपलेली हवा रात्रीच सापडते. शाळांचीही हवा तपासली आणि गटारांचीही. त्यांचा अहवाल १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एक गोष्ट लोकांना फार खटकली. गटारातली हवा समजत होतो तितकी वाईट नाही, आणि पोरांनी खच्चून भरलेल्या, वायुवीजन नसलेल्या वर्गातली हवा तिच्यापुढे मिरवण्यासारखी नाही.

त्या काळी समज असा होता की माणसाच्या श्वासातून एक अज्ञात सेंद्रिय विष बाहेर पडते आणि त्यानेच कोंडलेल्या खोलीत जीव घुसमटतो. ऑक्सफर्डला आल्यावर हाल्डेनने लॉरेन स्मिथ या सहकाऱ्याबरोबर हा समज निकालात काढला. पद्धत त्याची नेहमीचीच. हवाबंद पेटी करायची आणि तिच्यात आपण स्वतः बसायचे. तासन् तास बसून, स्वतःच सोडलेली हवा पुन्हा ओढून त्यांनी दाखवून दिले की गूढ विष वगैरे काही नाही. कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि ऑक्सिजन घटतो, त्रास या दोघांचा हिशेब आहे. आज हे शाळेच्या पुस्तकात आहे म्हणून साधे वाटते. पण वायुवीजन ही मोजता येणारी गोष्ट आहे, मर्जीची नव्हे, हे इथे ठरले.

मग तो कार्बन मोनॉक्साइडकडे वळला. या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. कोळसा, लाकूड, रॉकेल, पेट्रोल, गॅस, काहीही हवा अपुरी असताना जळले की तो तयार होतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. गाडीतली सगळी बाके आधीच कोणी अडवून बसावे, तसे हे. ऑक्सिजन फलाटावर हजर, पण बसायला जागा नाही. फ्रान्सच्या क्लोद बर्नारने हा प्रकार हाल्डेनच्या आधी ओळखला होता. पण किती टक्के हवेत मिसळला तर माणसाला किती वेळात काय होते, हे माणसावर कोणी मोजले नव्हते.

ते हाल्डेनने मोजले, स्वतःवर. १८९५ च्या त्याच्या निबंधात या प्रयोगांचा तपशील आहे. शेजारी पिंजऱ्यात एक उंदीर, तोंडात नळी, हातात घड्याळ आणि वही. मधूनमधून बोट टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा आणि किती हिमोग्लोबिन अडकले ते रंगावरून काढायचे. उंदीर काही मिनिटांत लुळा पडे. हाल्डेनला तेव्हा काहीच वाटत नसे. या फरकातच पुढची कल्पना दडलेली होती. लहान प्राण्याचा श्वास आणि रक्ताभिसरण वेगाने चालते, त्यामुळे विषाचा हिशेब त्याच्या अंगात आधी पूर्ण होतो. हजार भाग हवेत जेमतेम दोन भाग कार्बन मोनॉक्साइड घेऊन साधारण तासाभरात हाल्डेनचे जवळजवळ निम्मे हिमोग्लोबिन अडकले. नजर अंधुक, पाय लटपटत, आणि सर्वांत वाईट म्हणजे विचार बिघडलेला. आपण बिघडलो आहोत हे कळण्याची शक्तीच आधी जाते, हे त्याच्या नोंदींतून दिसते. बाथरूममधली मुलगी कडी का काढत नाही, याचे उत्तर इथे आहे. कडी हातभर अंतरावर असते. ती काढायला पाहिजे हे सुचत नाही, आणि सुचले तरी उभे राहिल्याबरोबर पाय साथ सोडतात.

दुसरे उत्तर त्याने दहा वर्षांनी, १९०५ मध्ये प्रीस्टली या विद्यार्थ्याबरोबर दिले. आपला श्वास कोण चालवतो? सर्वांना वाटते ऑक्सिजनची गरज. हाल्डेनने दाखवले की रोजच्या स्थितीत श्वासाचा लगाम कार्बन डायऑक्साइडच्या हाती असतो. तो किंचित वाढला की आपण जोराने श्वास घेतो. कार्बन मोनॉक्साइड हा लगाम ओढतच नाही. म्हणून गळा दाबल्यासारखे होत नाही, धडपड होत नाही. थोडे डोके दुखते, मळमळते, झोप आल्यासारखे वाटते. थंडीच्या दिवसांत डोकेदुखी आणि उलट्या घेऊन एकाच घरातली तीन माणसे आली, तर खाण्यातून बाधा झाली असे लिहून मोकळे होण्याआधी घरात शेगडी, गिझर किंवा जनरेटर आहे का, हे विचारायची सवय आम्ही कनिष्ठ डॉक्टरांना लावतो.

१८९५ च्या कामातलीच आणखी एक गोष्ट सांगतो, कारण आमच्या उपचाराचा पाया तीच आहे. हाल्डेनने उंदरांना दुप्पट दाबाच्या ऑक्सिजनमध्ये ठेवले आणि त्यात भरपूर कार्बन मोनॉक्साइड सोडला. हिमोग्लोबिन पुरते अडलेले असूनही उंदीर जगले. रक्ताच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजनच त्यांना पुरला. साध्या हवेत ठेवलेल्या रुग्णाच्या रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण एक ते दीड तास, आणि दाबाच्या कक्षात वीस-पंचवीस मिनिटे. जिल्ह्याच्या ठिकाणी तसा कक्ष नसतो, पण मास्क आणि सिलिंडर असतो, आणि तो वेळेत लावला तर बहुतेकदा पुरतो. ऑक्सिमीटर मात्र अडकलेले हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन घेतलेले हिमोग्लोबिन यांत फरक करू शकत नाही, दोन्ही त्याला लालच दिसतात. तो ९९ दाखवतो म्हणून मास्क काढू नका, असे आम्हाला वारंवार सांगावे लागते. शिवाय बरा होऊन घरी गेलेला माणूस दोन-चार आठवड्यांनी विसरभोळा किंवा चिडखोर झाला, चालताना अडखळू लागला, तर त्याला परत दाखवायला आणा. उशिरा उमटणारा हा परिणाम असू शकतो.

२७ जानेवारी १८९६ रोजी वेल्समधल्या ऱ्होंडा खोऱ्यात टायलर्सटाउन कोळसा खाणीत स्फोट झाला. ५७ माणसे गेली. सरकारने हाल्डेनला पाठवले. लोकांना वाटत होते, स्फोटाच्या तडाख्याने आणि आगीने मेले असतील. हाल्डेनने एकेक मृतदेह पाहिला, रक्त तपासले. बहुतेकांच्या अंगाला धक्का नव्हता आणि त्वचा चेरीसारखी लाल होती. स्फोटानंतर बोगद्यांत पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने त्यांचा जीव घेतला होता. म्हणजे स्फोटातून वाचलेली माणसे नंतर, चालत बाहेर येताना मेली. त्याच वर्षीच्या आणखी दोन स्फोटांची माहिती जोडून त्याने अहवाल दिला आणि त्यात सुचवले की बचावाला जाणाऱ्यांनी सोबत एखादा छोटा प्राणी न्यावा, उंदीर किंवा पक्षी. पुढे कॅनरी पक्षी रूढ झाला. उंदीर आजारी पडला तरी कोपऱ्यात बसून राहतो, पक्षी दांडीवरून खाली पडतो आणि अंधारातही कळते. ब्रिटिश खाणींत हे पक्षी १९८६ पर्यंत नोकरीवर होते. हाल्डेन स्वतः अशा खाणीतून वर आल्यावर घरी आपण सुखरूप असल्याची तार करी, आणि वायूने स्मरण पुसल्यामुळे पुन्हा तार करी, आणि पुन्हा करी, अशी गोष्ट त्याच्या घरच्यांच्या आठवणींत आहे. हसावे की काळजी करावी, कळत नाही.

आपल्याकडे विहिरीत उतरण्याआधी दोराला कंदील बांधून खाली सोडण्याची जुनी चाल आहे. कंदील विझला तर उतरायचे नाही. हे शहाणपण खरे आहे, आणि खाणीत ज्योत का विझते याचा अभ्यासही हाल्डेनने केला होता. ऑक्सिजन सतरा टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत विझते, माणूस त्याहून थोडे कमी असतानाही तग धरतो. म्हणून ज्योत ही आधी सूचना देते. पण कंदील कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही. माणूस मारायला हा वायू इतका थोडा पुरतो की ज्योतीला त्याचा पत्ताही लागत नाही. विहिरीत डिझेलचे इंजिन उतरवून चालवले असेल, तर कंदील छान जळत असतानाही खाली गेलेला माणूस कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. अशा विहिरीत कंदिलाच्या भरवशावर उतरू नका. इंजिन वर ठेवा, पाइप खाली सोडा.

आता त्या बाथरूमकडे येतो. हाल्डेनने शिकवल्याप्रमाणे मोजून पाहू.

मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गॅस गिझर पूर्ण जोरात चालला तर तासाला जवळजवळ एक किलो गॅस जाळतो. तेवढा गॅस नीट जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. पाच फूट लांब, पाच फूट रुंद आणि आठ फूट उंच बाथरूममध्ये हवा किती? दोनशे घनफूट, म्हणजे साडेपाच-पावणेसहा घनमीटर. दार बंद, वरची झडप थंडीसाठी पुठ्ठ्याने बुजवलेली, तर अर्ध्या तासाच्या आत गिझरने खोलीभर हवा वापरलेली असते. ज्योत त्याच्या कितीतरी आधी बिघडते. हवेतला ऑक्सिजन २१ वरून १८ टक्क्यांकडे सरकू लागला की जळणे अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड झपाट्याने वाढतो. म्हणून घरात चौघे ओळीने आंघोळ करतात तेव्हा अनेकदा शेवटचा सापडतो. आधीच्या तिघांना काही झाले नाही, मग याला कसे, असे घरचे विचारतात. आधीच्या तिघांनी हवा वापरून ठेवलेली असते.

लोकांचा एक गैरसमज पक्का आहे की सिलिंडरमधला गॅस विषारी असतो आणि वास आला तर आपण बाहेर पडू. सिलिंडरमधल्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड नसतो. त्याला मुद्दाम वास लावलेला असतो तो गळती कळावी म्हणून. इथे गळती नाहीच. गॅस जळतो आहे, पाणी गरम येते आहे, सगळे नीट दिसते, आणि जळण्यातूनच विष तयार होते. हाल्डेनच्या काळी विलायतेत घराघरांत येणाऱ्या कोळशाच्या गॅसमध्ये मात्र हा वायू मुळातच असे. त्यामुळे त्याच्या पिढीने गळतीची भीती बाळगली ती योग्यच होती. आपली भीती वेगळ्या जागी हवी.

अमेरिकेत दिवाणखान्यात गॅसची शेकोटी बसवतात. त्यातला एक प्रकार धुराडे नसलेला. जळून तयार झालेले सगळे खोलीतच सोडायचे. आपल्याकडची काही मुले तिकडे स्थायिक आहेत आणि आता इकडच्या फार्महाऊसवर, हिल स्टेशनवरही तसली शेकोटी हौसेने विचारली जाते. तिथल्या नियमांचा हिशेब साधा आहे. आपल्या मापात सांगायचे तर शेकोटीच्या प्रत्येक किलोवॉटमागे खोलीत सुमारे १७० घनफूट हवा असली पाहिजे. तेवढी खोली नसेल तर शेजारच्या मोठ्या जागेत उघडणाऱ्या दोन झडपा हव्यात, एक छताच्या वीतभर खाली आणि एक जमिनीच्या वीतभर वर, कारण गरम हवा वरून जाते आणि तिची जागा घ्यायला खालून यावी लागते. अशा उपकरणात ऑक्सिजन १८ टक्क्यांवर आला की गॅस बंद करणारा भागही असतो. तरी कॅलिफोर्नियासारख्या राज्यात घरात हा प्रकार बसवायला बंदी आहे. हाच हिशेब आपल्या गिझरला लावा. दहा-बारा किलोवॉटच्या गिझरला सतराशे ते दोन हजार घनफुटांची खोली लागेल, बारा फूट बाय चौदा फूट आणि वर दहा फूट उंच. आपण तो दोनशे घनफुटांत बसवतो.

उपाय अवघड नाही. गिझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या गॅलरीत किंवा मोरीच्या मागच्या भिंतीवर लावा आणि गरम पाणी नळीने आत घ्या. नळी चार-पाच फूट वाढेल, प्लंबर कुरकुर करेल, करू द्या. आत लावलाच असेल आणि त्याला धुराड्याची जागा असेल, तर पत्र्याचे धुराडे भिंतीबाहेर मोकळ्या हवेत काढा, माळ्यावर किंवा डक्टमध्ये नको. वरची झडप बुजवू नका. दाराला खाली जाळी ठेवा. नुसता एग्झॉस्ट पंखा लावून भागत नाही. खालून हवा यायला वाट नसेल तर तो पंखा धुराड्यातला धूर उलटा आत ओढतो. आणि हे सगळे होईपर्यंत आजपासून करता येण्याजोगे एक आहे. दार उघडे ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, मग आत जा. निळी ज्योत पिवळी दिसू लागली तर गिझर दुरुस्तीला द्या, पण निळी आहे म्हणून निर्धास्तही राहू नका.

शेगडीचे काय, असे विचारतात. सातपुड्याच्या पायथ्याला खोलीत चूल पेटलेली असते आणि पिढ्यान् पिढ्या कोणी मेले नाही, हेही ऐकवतात. कुडाच्या भिंती आणि कौलांच्या फटी हेच तिथले वायुवीजन. धाब्याच्या जुन्या घरातही छतात धुराला भोक असे. त्या धुराने फुप्फुसे खराब होतात, तो वेगळा लेख होईल, पण माणूस एका रात्रीत मरत नाही. आता स्लॅब आला, ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आल्या, फटी संपल्या आणि शेगडी तीच राहिली. धूर नसलेला लालबुंद कोळसा लोकांना निर्धोक वाटतो. तोच अधिक धोक्याचा, कारण धूर डोळ्यांत जातो आणि माणूस उठून खिडकी उघडतो, पण निखारा उठवत नाही. बाळंतिणीच्या खोलीत दार लावून शेगडी ठेवू नका, हे मी प्रसूती कक्षाबाहेर बसलेल्या प्रत्येक आजीला सांगतो. त्या ऐकून घेतात. किती पाळतात, देव जाणे.

हाल्डेनचे घरही प्रयोगशाळाच होते. १८९१ मध्ये लुईसा ट्रॉटर हिच्याशी त्याचे लग्न झाले. मुलगा जॅक १८९२ चा, मुलगी नेओमी १८९७ ची, पुढे मोठी लेखिका झालेली. ऑक्सफर्डच्या घरात वायूंची एक हवाबंद खोली होती आणि मुले वडिलांच्या प्रयोगात ओढली जात. जॅक लहान असताना वडिलांनी त्याला खाणीत नेले आणि छताशी मिथेन साचलेल्या जागी उभे करून शेक्सपिअरच्या नाटकातले भाषण म्हणायला लावले. थोड्याच वेळात मुलगा धाप लागून खाली कोसळला. जमिनीजवळ हवा चांगली होती, तो सावरला. मिथेन हलका असतो, वर साचतो, हा धडा त्याला जन्मभर पुरला. आज एखाद्या बापाने असे केले तर आम्ही पोलिसांना कळवू. आणि हा धडा बाथरूममध्ये लावू नका. कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ हवेइतकाच जड असतो, सगळीकडे मिसळतो. खाली बसून सुटका नाही.

बाकीचे काम धावते सांगतो, नाहीतर पानच पुरणार नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेत वाफेची इंजिने धावत, तिथली हवा १८९७ मध्ये त्याने डब्याच्या खिडकीतून बाटल्यांत भरली. कॉर्नवॉलच्या खाणीतल्या मजुरांचा अशक्तपणा आतड्यातल्या अंकुशकृमींमुळे आहे, हे त्याने आणि बॉयकॉटने शोधले. खोल पाण्यातून पाणबुड्याने टप्प्याटप्प्याने वर यावे म्हणजे रक्तात बुडबुडे होत नाहीत, याचे कोष्टक १९०८ मध्ये दिले, त्यासाठी बोकड-शेळ्या दाबाच्या टाकीत घातल्या. १९११ मध्ये अमेरिकेतल्या पाइक्स पीक शिखरावर, चौदा हजार फुटांवर, सहकाऱ्यांबरोबर काही आठवडे राहून विरळ हवेचा अभ्यास केला. तिथे तो चुकलासुद्धा. फुप्फुसे ऑक्सिजन नुसता आत झिरपू देत नाहीत, तर गरज पडली की जोर लावून आत ढकलतात, असे त्याचे मत झाले. पुरावा विरुद्ध गेला, सहकारी दूर झाले, तरी हा बुवा शेवटपर्यंत ते मत सोडेना. एवढा काटेकोर माणूस, पण स्वतःच्या आवडत्या कल्पनेपुढे हळवा. मला यामुळे तो अधिक जवळचा वाटतो.

ऑक्सफर्डने त्याला प्राध्यापकपद कधी दिले नाही. १९१३ मध्ये त्याने तिथली नोकरी सोडली आणि खाणींच्या संशोधनाला वाहून घेतले. २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्रच्या आघाडीवर जर्मनांनी क्लोरीन सोडला, तेव्हा युद्धमंत्री किचनरने हाल्डेनलाच फ्रान्सला पाठवले. त्याने वायू ओळखला, आणि मुखवटे तपासायला पुन्हा स्वतःच वायूच्या खोलीत शिरला, सोबत मुलगा जॅक आणि डग्लस. याच सुमारास त्याच्या भावाला जर्मनधार्जिणा ठरवून मंत्रिमंडळातून घालवण्यात आले होते. वायूने फुप्फुसे भाजलेल्या सैनिकांना नाकाशी फनेल धरून फुकट घालवला जाणारा ऑक्सिजन त्याला बघवेना. मास्क, पिशवी आणि मोजून सोडणारी झडप असे साधन त्याने केले. कोविडच्या लाटेत आमच्या वॉर्डात रात्र-रात्र सिलिंडर बदलताना ज्या मास्क-पिशवीवर माणसे जगली, तिचे मूळ तिथपर्यंत जाते.

खान्देशच्या माणसाने हाल्डेनची आणखी एका कामासाठी आठवण ठेवायला हरकत नाही. खोल, उष्ण खाणींत काम करणाऱ्यांना उन्हाळा कितपत सोसतो, हे त्याने १९०५ मध्ये मांडले. नुसत्या पाऱ्यावर जाऊ नका, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या थर्मामीटरचा आकडा बघा, असे त्याचे सांगणे. तो आकडा स्थिर हवेत सुमारे ३१ अंशांपलीकडे गेला की घाम वाळत नाही आणि शरीर तापू लागते. जळगावला मे महिन्यात ४५ अंश असतात, पण हवा कोरडी असते, कूलर चालतो, माणूस निभावतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात पारा ४१ वर आला म्हणून सगळे हुश्श करतात, आणि हवेत दमटपणा आल्यामुळे आमच्याकडे उष्माघाताचे रुग्ण तेव्हाही येतच राहतात. घामावाटे मीठ गेले आणि नुसते पाणी पीत राहिले तर पोटऱ्यांत गोळे येतात, पाण्यात थोडे मीठ टाका, हे खाण कामगारांच्या बाबतीत त्याने आणि मॉस या सहकाऱ्याने दाखवले.

या उष्णतेच्याच कामासाठी वयाच्या पंचाहत्तरीत तो इराण-इराकला गेला. तेलाच्या कारखान्यातले कामगार उष्माघाताने पडत होते, त्यांची पाहणी करायची होती. परत आल्यावर न्यूमोनिया झाला. शेवटचे दिवस ऑक्सफर्डच्या घरी ऑक्सिजनच्या तंबूत गेले आणि १४ मार्च १९३६ च्या मध्यरात्री त्याने श्वास सोडला.

मुलगा जॅक म्हणजे जे. बी. एस. हाल्डेन, विसाव्या शतकातला थोर आनुवंशिकी शास्त्रज्ञ. तो १९५७ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आला, धोतर-कुर्त्यात वावरला, भारताचा नागरिक झाला आणि १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला वारला. त्याने आपला देह काकिनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाला अभ्यासासाठी देऊन ठेवला होता.